नऊ फेब्रुवारीचं दूध

फ्रीजरमधला बर्फ सुरीनं खरवडू नये, हे हर्षदाला चांगलं ठाऊक होतं. तरी ती खरवडत होती. जुई नुकतीच झोपली होती आणि जुईच्या झोपेचा काही भरवसा नव्हता. बर्फ आपोआप वितळायची वाट बघत बसलं तर तेवढ्यात ती चारदा उठली असती.

मटारची पिशवी निघाली. कैरीच्या फोडी निघाल्या. आणि सगळ्यांत मागं, बर्फात रुतून बसलेली, तळहाताएवढी एक चपटी पिशवी निघाली. वर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ९ फेब्रुवारी, सकाळी ११.

तिच्या स्वतःच्या दुधाची पिशवी.

नोकरी कंत्राटी, म्हणून रजा तीनच महिन्यांची. जुईला घरी ठेवून ती कामावर जायला लागली, तेव्हापासून दूध काढून, तारीख टाकून फ्रीजरमध्ये ठेवायची. सासूबाई ते गरम पाण्यात धरून कोमट करायच्या आणि बोंडल्यानं नातीला पाजायच्या. पहिल्या दिवशी त्या पिशव्यांची चळत बघून त्यांनी दारातनंच शेजारणीला हाक मारली होती, "ऐकलंस का गं? म्हशीची डेरी हुती, गाईची डेरी हुती, आता माझ्या सुनंनं माणसाच्या दुधाचीबी डेरी काढली! फॅट किती लागतीया गं हर्षदे?"

आक्काताई चौगुले. गाव त्यांना आक्काताई म्हणायचं, हर्षदा आत्ती म्हणायची. आत्तीला जाऊन आज ब्याऐंशी दिवस झाले होते.

हर्षदानं पिशवी उचलली. मोरीच्या तोंडाशी नेली. कोपरा फाडायचा आणि ओतून टाकायचं, एवढंच तर होतं. अंगठ्याखाली बर्फाचा एक कण वितळून मनगटावर ओघळला.

तिनं पिशवी परत फ्रीजरमध्ये ठेवली आणि दार लावून घेतलं.

*

चिंचकोडी हे गाव दूधगंगेच्या अलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. गावाबाहेर दूध शीतकरण केंद्र, आणि त्याला चिकटून राज्याच्या सीमेवरचा तपासणी नाका. हर्षदा तिथं तंत्रज्ञ होती. टँकरमधल्या दुधाचा आणि आजारी माणसांच्या नाकातल्या बोळ्याचा नमुना घ्यायचा आणि यंत्राला द्यायचा, हे तिचं काम. यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला 'वेल' म्हणायचे, कारण त्याच्या पडद्यावर वेल उमटायची: हा ताप कुणापासून कुणाला झाला, त्याची फांदीन्‌फांदी.

हर्षदानं गावातल्या बायकांना ते असं समजावलं होतं. विषाणू स्वतःच्या नकला काढतो, आणि नकलेत एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या नकलेत तशीच उतरते. वर्गात कुणी कुणाची वही बघून लिहिलं, हे बाई कशावरून ओळखतात? दोघांच्या सारख्या चुकांवरून. वेल तेच करते.

"पण एवढंच नाही," ती सांगायची. "फ्लूच्या विषाणूत जनुकांचे तुकडे असतात आठ. समजा आठ भांड्यांचा संच. आता तुमच्या घरी बारसं नि शेजारी साखरपुडा, आणि दोन्हीकडची भांडी एकाच मोरीत घासायला पडली, तर काय होतं?"

"तुमची पातेली आमच्याकडं, आमची पराती तुमच्याकडं!" बायका हसायच्या.

"तसंच. दोन वेगळे फ्लू एकाच शरीरात, एकाच पेशीत शिरले की भांडी बदलतात. नवाच संच तयार होतो. कधी निरुपद्रवी, कधी घातकी. पण भांडं कुणाचं, हे कसं कळतं?"

"नाव कोरलेलं असतंय की!"

वेल हे कोरलेलं नाव वाचत होती. हिमालय ओलांडून हिवाळ्यात तळ्यावर उतरणाऱ्या पट्टकादंब पाखराला कुणी पास विचारत नाही, आणि समुद्रापलीकडच्या गोठ्यातून निघालेला गाईचा फ्लू दोन वर्षांत चार देश फिरून इथल्या टँकरात येतो, हे सगळं वेलीमुळं चाळीस मिनिटांत दिसायला लागलं होतं. साथी आटोक्यात येऊ लागल्या होत्या. ते चांगलंच झालं.

वाईट एवढंच झालं, की 'मूळ' हा शब्द गावाच्या तोंडी बसला. फांदी मागं मागं जात जिथं थांबते तो माणूस म्हणजे मूळ. त्याच्या दारावर तांबडा शिक्का, त्याची जनावरं-कोंबड्या ताब्यात, त्याचा सीमा ओलांडायचा पास बंद. पूर्वी ताप आला की लोक विचारायचे, "कसं वाटतंय?" आता विचारायचे, "मूळ कोण?"

आत्तीच्या तापाचं मूळ ठरल्या होत्या वनिता. आत्तीची थोरली लेक, हर्षदाची नणंद, जुईची आत्या. सीमेपलीकडं हुणशीकट्टीत त्यांचं सासर. तळ्याकाठी घर, दारात पंधरा बदकं. बदकांचा सौम्य फ्लू त्या गावात येऊन गेला होता. वनितावन्सना चार दिवस सर्दी झाली आणि उतरली. त्यांची पोरं खोकली आणि बरी झाली. तिथं कुणालाच काही झालं नाही.

आत्ती मात्र ताप आल्यापासून आठ दिवसांत गेल्या.

त्यांचा नमुना वेलीत घातला होता हर्षदानंच. घाईच्या तपासात वेल आठ भांड्यांतलं एकच बघते, विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं, आणि त्यालाच घराण्याचं आडनाव समजते. त्या भांड्यावर नाव निघालं वन्सचं. फांदी वन्सकडं गेली आणि थांबली. मग खाली, बारीक अक्षरात, एक ओळ आली: पाच तुकडे जुळले, तीन तुकडे गोवंशीय, मानवी दुवा सापडला नाही. शोध घ्यावा / अज्ञात म्हणून नोंद करावी?

हर्षदानं 'अज्ञात' दाबलं होतं.

दाबताना तिला काही आठवलं नव्हतं, असं ती पुढं स्वतःला पुष्कळदा सांगणार होती. ते खरं नव्हतं. तिला नेमकं तेव्हाच आठवलं होतं.

*

नऊ फेब्रुवारीला घरात जुईचं बोरन्हाण. वन्स सकाळीच आल्या, हलव्याचे दागिने स्टीलच्या डब्यात घालून. नाक लाल, आवाज बसलेला.

"सर्दी घिऊन आलीस व्हय गं?" आत्तीनं विचारलं.

"माहेरच्या वाऱ्यानं जाईल," वन्स म्हणाल्या, आणि आईच्या बशीतून चहाचा एक घोट घेतला. उरलेला आत्तीनं पिऊन टाकला.

आदल्या दिवशी शेजारच्या रानात उसाचा पाला पेटवला होता. धुरानं आत्तीचे डोळे लालभडक झालेले. हर्षदा आतल्या खोलीत दूध काढून वाटी घेऊन बाहेर आली, तेवढ्यात आत्तीनं हाक मारली.

"हर्षदे, वाईच हिकडं ये. डोळ्यांत कुसळ गेल्यागत हुतंय. दोन थेंब घाल."

"मेडिकलमधून ड्रॉप आणते की."

"ते झोंबतंय. घरात दुभती सून असताना मी इकतचं थेंब घालू? आमच्या सासूच्या डोळ्यांत मी घातलंय, माझ्या आईच्या डोळ्यांत माझ्या वहिनीनं घातलंय. कुणी आंधळं झालं न्हाई."

"घाल गं," वन्स हसून म्हणाल्या. "न्हाईतर बोरं लुटायच्या वक्ताला म्हातारी पोरांऐवजी भिंतीवर उधळंल."

हर्षदा क्षणभर थांबली. कच्चं दूध डोळ्यांना, तोंडाला लागू देऊ नका, उकळूनच वापरा. नाक्यावरचा तो फलक तिनं स्वतःच्या हातानं लावला होता. पण फलकावर चित्र गाईचं होतं.

तिनं कापसाचा बोळा वाटीत बुडवला. आत्तीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. या डोळ्यात दोन, त्या डोळ्यात दोन.

"निवलं गं बाय," आत्ती डोळे मिटून म्हणाल्या. "थंडगार वाटलं."

वाटीतलं उरलेलं दूध हर्षदानं पिशवीत भरलं, तारीख टाकली आणि फ्रीजरमध्ये ठेवलं. डाव्या छातीत दोन दिवस एक गाठ दुखत होती. दूध साचलं असेल म्हणून तिनं गरम पाण्याची पिशवी लावली आणि विसरून गेली. त्याच्याही आठवडाभर आधी, एका टँकरचं झाकण उघडताना दुधाचा फवारा तोंडावर आला होता. चष्म्याचा पट्टा तुटलेला होता. दुसरा चष्मा कपाटात होता, पण कपाटाची किल्ली शोधण्यात दहा मिनिटं गेली असती आणि जुईच्या भुकेची वेळ झाली होती. ओढणीनं तोंड पुसून ती घरी पळाली होती.

गाईच्या अंगात हा फ्लू कासेत घर करतो, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. गाय खोकत नाही, शिंकत नाही. नुसतं दूध घट्ट होतं. बाईच्या बाबतीत तसं होईल का, हे कुणी विचारलं नव्हतं. पाजणाऱ्या आयांचेही नमुने नाकातूनच घेतले जात. हर्षदाचं नाक स्वच्छ निघालं होतं.

*

फ्रीजर खरवडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षदानं ती पिशवी थंड डब्यात घालून नाक्यावर नेली. पहिला टँकर यायला तास होता. नमुन्याच्या रकान्यात तिनं लिहिलं: मानवी दूध. यंत्रानं विचारलं: हा प्रकार यादीत नाही. पुढे जायचे?

तिनं 'होय' म्हटलं आणि खुर्चीवर बसून राहिली. चाळीस मिनिटांत ती तीनदा उठली. एकदा तर वायर काढायला हात नेला.

या वेळी तिनं घाईचा तपास लावला नव्हता. आठही भांडी उलटी करून बघायला सांगितली होती.

वेल उमटली. आत्तीच्या पानातून खाली दोन फांद्या फुटल्या. एका फांदीवर पाच तुकडे, वनिता पाटील. दुसऱ्या फांदीवर तीन तुकडे, नमुना क्रमांक एक, हर्षदा चौगुले. अक्षरन्‌अक्षर जुळत होतं.

डोळ्यांत औषध घातलं की थोड्या वेळानं घशाशी कडू लागतं. डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात एक बारीक वाट असते. त्याच वाटेनं सुनेचं दूध खाली उतरलं होतं. घशात लेकीची सर्दी आधीच येऊन बसली होती. दोन्हीकडची भांडी एका मोरीत पडली. वन्सच्या फ्लूनं कुणी मेलं नसतं. हर्षदाचा फ्लू तर तिला स्वतःलाही कळला नव्हता. आत्तीच्या अंगात दोन्ही एकत्र आले आणि तिसरंच काहीतरी झालं.

जुईला कसं काही झालं नाही? बारा तारखेला तिचं अंग थोडं तापलं होतं, तेवढंच. दुधातून तिला विषाणू गेला असणार आणि त्याच दुधातून त्याच्याशी लढायची ढालही. आत्तीच्या वाट्याला आलेल्या चार थेंबांतली ढाल मात्र साठ वर्षांच्या देहाला पुरली नव्हती.

हर्षदानं आज सकाळचं दूधही तपासून पाहिलं. ते स्वच्छ होतं. तिनं डोकं टेबलावर टेकलं आणि पहिला टँकर हॉर्न वाजवेपर्यंत वर काढलं नाही.

*

"आई माघारी येणार हाय का?" हर्षदाचा नवरा रणधीर म्हणाला.

संध्याकाळी तो जुईला मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. तिनं सगळं सांगितलं, तेव्हा तो जुईच्या पायातला वाळा फिरवत राहिला होता.

"नाही येणार."

"मग? नव्वद दिस झालं की नोंद पक्की हुतीया. पुढल्या हप्त्यात मिटलं हे. कशाला उकरतीस?"

"मिटलं कुणाचं? वन्सचा पास कायमचा बंद होईल. बदकं तर नेलीच. त्यांच्या हातचं गावात कुणी पाणी घेत नाही."

"आणि तुझ्या दारावर शिक्का बसल्यावर? नोकरी जाईल. पोरीला तुझ्यापासनं तोडत्यात का काय, कुणाला ठावं! तिला अजून तुझ्याबिगर झोप येत न्हाई."

ही भीती हर्षदालाही होती. ब्याऐंशी दिवस तिनं याच भीतीच्या आड तोंड लपवलं होतं. पण तिला नवऱ्याच्या आवाजात आणखी काहीतरी ऐकू आलं.

"रणधीर, तुम्हाला माझी काळजी आहे, का दुसरंच काही?"

जुईनं त्याचा अंगठा तोंडात घातला.

"रक्षाविसर्जनाला ताई आलेली," तो म्हणाला. "नाक्यापतोर. म्हणली, लांबनं बघतो, हात लावत न्हाई. मी तिला चार माणसांत म्हणलं, आईला खाल्लीस, आता राखंला आलीस व्हय." त्याचा आवाज चिरकला. "आता तू म्हणतीस आर्धं तुझं हाय. मग मी त्ये बोललो त्येचं काय करू?"

हर्षदा त्याच्या शेजारी टेकली. जुईनं बापाचा अंगठा सोडून आईच्या पदराकडं हात केला.

*

पुढचे तीन दिवस तिनं काहीच केलं नाही. पिशवीतलं उरलेलं दूध नाक्यावरच्या फ्रीजरमध्ये होतं, अहवाल यंत्रात होता आणि 'हरकत नोंदवा' हे बटण पडद्याच्या कोपऱ्यात होतं. ती टँकर तपासायची, सह्या करायची, घरी जायची. आत्तीच्या फोटोसमोर उदबत्ती लावताना फोटोकडं बघायची नाही.

चौथ्या दिवशी नाक्याच्या सावलीत बसची वाट बघत काही बायका बसल्या होत्या. गावोगाव डोळ्यांची साथ चालू होती. त्यांतल्या एका पोरसवदा आईनं तान्ह्याला पदराखालून बाजूला केलं, चारपाच वर्षांच्या थोरलीला पुढ्यात आडवं घेतलं, तिचा चिकटलेला डोळा दोन बोटांनी उघडला आणि...

"थांब!"

हर्षदा कधी उठली, कधी दार ओलांडलं, तिला कळलं नाही. हातातली नमुन्याची नळी फरशीवर फुटली होती.

"काय झालं वं ताई?" ती बाई दचकून म्हणाली. "माझंच दूध हाय. माझ्याच पोरीला."

"नको घालू. डोळ्यांत नको घालू."

"का? समदी घालत्यात."

"छातीत गाठ, दुखणं असं काही झालंय का एवढ्यात?"

ती बाई गोंधळली. "झालतं की. गेल्या आठवड्यात. पर त्येचा नि डोळ्याचा काय संबंध?"

शेजारची म्हातारी फणकारली, "हितं नाक्यावर बसून आता आयांच्या दुधालाबी पास लावणार का काय ही सरकारची माणसं?"

बायका हसल्या. हर्षदाला सांगता आलं असतं: नवीन नियम आहे, वरून आदेश आहे. नियम म्हटलं की लोक ऐकल्यासारखं करतात आणि घरी जाऊन तेच करतात. ती त्या पोरीशेजारी जमिनीवरच बसली.

"मी माझ्या सासूच्या डोळ्यांत घातलं होतं," ती म्हणाली. "चार थेंब. अकरा दिवसांनी ती गेली. मला ताप नव्हता, खोकला नव्हता, काहीच नव्हतं. नुसती एक गाठ दुखत होती."

कुणी हसलं नाही. त्या आईनं पोरीच्या डोळ्यावरचं बोट काढून घेतलं, आणि पदर सावरत अगदी हळू विचारलं, "मग बाळाला पाजू का नको?"

"पाज. बाळाला तुझ्याकडून ताकदही मिळते. पण आधी आत चल, मी तपासते. आणि कुणाच्या डोळ्यांत, कानात घालू नको. कुणाच्याच."

तिचं दूध स्वच्छ निघालं. ती निघून गेली. हर्षदानं फुटलेल्या नळीच्या काचा वेचल्या, हात धुतले आणि कोपऱ्यातलं बटण दाबलं.

यंत्रानं विचारलं: हरकत घेणाऱ्याचे नाव?

तिनं लिहिलं.

मृत व्यक्तीशी नाते?

सून.

हरकतीचे कारण?

इथं तिला जास्त वेळ लागला. शेवटी तिनं लिहिलं: तीन तुकडे अज्ञात नाहीत. ते माझे आहेत. मला तेव्हाच शंका होती, आणि मी 'अज्ञात' दाबलं. पाजणाऱ्या आयांचे दुधाचे नमुने घ्यावेत.

*

दोन दिवसांत वरून माणसं आली. चौगुल्यांच्या दारावर शिक्का बसला. तो तांबडा नव्हता, पिवळा होता, कारण वेलीच्या इतिहासात दोन मुळांचं पान त्यांच्याकडं पहिल्यांदाच आलं होतं आणि त्याला कुठला रंग द्यायचा हे नियमात नव्हतं. जुईला कुणी तोडलं नाही. नोकरीवरून मात्र हर्षदाला घरी बसवलं, चौकशी होईपर्यंत. चाव्या सोपवताना तिनं कपाटाची किल्ली वेगळी काढून नव्या तंत्रज्ञाच्या हातात दिली. "ही खिळ्याला अडकवून ठेवा. समोर दिसेल अशी."

वन्सची नोंद बदलली. पास लगेच मिळणार नव्हता, एकवीस दिवसांनी.

हर्षदानं फोन केला नाही. फोनवर सांगण्याजोगं ते नव्हतं. तिनं मांडणीवरनं बोरन्हाणाच्या दिवशीचा डबा काढला. वन्सनं हलव्याचे दागिने आणलेला तो डबा तीन महिने तिथंच होता. भांडं रिकामं परत करायचं नसतं, आणि मूळ ठरलेल्या माणसाला भरून कुणी पाठवायचं नसतं, म्हणून तो नुसताच राहिला होता. तिनं रवा भाजला. आत्ती करायच्या तसे, वेलची जास्त घालून, लाडू वळले. डबा भरला, झाकण लावलं आणि जुईला कडेवर घेऊन ती नाक्यावर गेली. रणधीर मोटरसायकलपाशीच थांबला. पुढं यायचं त्याला धाडस होईना.

निरोप मिळाल्यामुळं वन्स आडव्या दांडीपलीकडं उभ्या होत्या. वाळल्या होत्या. जुईला बघून त्यांचे हात पुढं आले आणि सवयीनं मागं गेले.

हर्षदानं सगळं सांगितलं. टँकर, गाठ, वाटी, चार थेंब. 'अज्ञात'सुद्धा सांगितलं. तेच सांगायला सगळ्यांत जड गेलं.

संपल्यावर वन्स म्हणाल्या, "म्हंजे मी सुटलो न्हाई."

"नाही, वन्स. पाच तुमचे आहेत. तीन माझे."

"तुला तवाच ठावं हुतं."

"हो."

"तीन म्हयनं गं!" वन्सचा आवाज एकदम चढला. नाक्यावरचा शिपाई वळून बघायला लागला. "तीन म्हयनं मी माझ्या पोरांस्नी पोटाशी धरलं न्हाई. आईला मारलं ह्याच हातानं, आता ह्यांस्नी कशाला लावू, म्हणून. रात-दिस ती एक बशी डोळ्यांम्होरं. चहा प्यालो नसतो तर! सर्दी असताना आलो नसतो तर! आणि तू हितं..."

हर्षदानं मान खाली घातली नाही. एवढं तरी देणं तिला लागत होतं.

"मला माफ करा, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला जे बोलायचं ते बोला. मी रोज येईन ऐकायला."

"आईचं डोळं निवलं हुतं का गं?" वन्सनं अचानक विचारलं.

"हो. थंडगार वाटलं म्हणाल्या."

वन्सनं पदरानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिल्या. मग दांडीवरनं हात पुढं केला. "आण तो डबा."

डबा हातात घेऊन त्यांनी तो सवयीनं फिरवून पाहिला. बुडावर कोरलेलं होतं: सौ. वनिता पाटील. मग झाकण उलटं केलं आणि त्यांची नजर तिथंच थांबली.

"हे आमचं न्हाई."

हर्षदानं वाकून पाहिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, घासून घासून पुसट झालेली अक्षरं होती: आक्काताई चौगुले. बोरन्हाणाच्या गडबडीत, मोरीवर, कधीतरी बदललं असणार.

"राहू दे तुमच्याकडं," हर्षदा म्हणाली. "आत्तीचं आहे."

वन्सनं झाकण डब्यावर दाबून बसवलं. ते नीट बसत होतं. मोटरसायकलपाशी उभ्या असलेल्या भावाकडं त्यांनी एकदा लांबून पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

"माझं झाकण तुझ्या मांडणीवर आसंल," त्या म्हणाल्या. "एकवीस दिसांनी बदलाय येतो. त्याला सांग, नाक्यावर मला न्यायला ये म्हणावं. चालत न्हाई येणार मी."

आणि जुईकडं बघून, हात मागंच ठेवून, त्यांनी नुसतीच जीभ टाळ्याला लावून टक्‌ टक्‌ केलं. जुई खुदकन हसली.